अंधेरीहून पाबळला : विज्ञान आश्रमाची वाटचाल

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत अंधेरी-वर्सोव्याच्या यारी रोडवर, सात बंगल्याला झाडांच्या फांद्या उतरवण्याची कामं निघतात आणि चेनसॉच्या आवाजानं दुपार खराब होते. बहुतेक जण खिडक्या लावून घेतात. यंत्राचा नाद असलेला एखादाच खिडकी उघडी ठेवून ऐकत राहतो, कारण त्याला त्या आवाजावरून इंजिनाची तब्येत कळते.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वेगळी ऑइलची टाकी नसते. वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं, बऱ्याच यंत्रांना लिटरला वीस मिलिलिटर. कार्ब्युरेटरवर छोटे स्क्रू असतात. एक कमी वेगासाठी, एक जास्त वेगासाठी, शिवाय इंजिन नुसतं चालू ठेवण्याचा एक. पूर्ण थ्रॉटल देऊन यंत्र हवेत धरलं तर आवाज किंचित फुरफुरता, अडखळता यावा आणि तेच लाकडात घातलं की तो साफ व्हावा. हवेतच स्वच्छ, किंचाळणारा आवाज येत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारा पिस्टन काही वेळात सिलिंडरला घासून जाम. स्क्रू पाव फेरा इकडे की तिकडे, एवढ्यावर यंत्राचं आयुष्य ठरतं. जंगलाच्या मुलखात, युरोप-अमेरिकेत, हे कानानं लावण्याची हौस असलेल्यांचे गट आहेत. जुनी यंत्रं मिळवायची, उघडायची, जुळवायची, एकमेकांना ऐकवायची. १९७० पासून भरणाऱ्या लाकूडतोड्यांच्या जागतिक स्पर्धेत साखळी बदलून बसवणं हासुद्धा गुण मिळवून देणारा प्रकार आहे.

वर्सोव्यात असा नाद करायला जागा कुठे? दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये इंजिन उघडलं तर घरचे बोलतात आणि पार्किंगमध्ये सुरू केलं तर सोसायटी. त्यामुळे इथल्या हौशीची गोष्ट सांगायची तर अंधेरीतून उठून पार पुण्यापलीकडे गेलेल्या एका माणसाकडे जावं लागतं.

अंधेरी पूर्वेला, चकाल्याला, हिंदुस्थान लिव्हरचं संशोधन केंद्र होतं. १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या केंद्रात डॉ. श्रीनाथ कलबाग अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख होते. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत शिक्षण, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातली पीएच.डी., म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संस्थेत काही वर्षं आणि मग लिव्हर. माणूस पन्नाशी ओलांडतो तेव्हा अशा नोकरीत निवृत्तीचे हिशेब सुरू होतात. कलबागांनी १९८२ मध्ये मुदतीआधीच नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये पत्नी मीराताईंसह पुणे जिल्ह्यातल्या पाबळला बिऱ्हाड हलवलं.

पाबळ शिरूर तालुक्यात, पुण्याहून साठ-सत्तर किलोमीटरवर. मस्तानीची समाधी तिथे आहे, एवढीच त्याची बाहेर ओळख. पाऊस बेताचा, शेती कोरडवाहू. कलबागांना हवं होतं ते असंच, महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यासारखं खेडं. इथे जे जमेल ते दुसरीकडेही जमेल, असा त्यामागचा तर्क होता. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं एक केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू झाला.

‘आश्रम’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं त्यातलं तिथे फारसं काही नव्हतं. वेल्डिंगचं यंत्र होतं, लेथ होतं, गुरं होती. शाळा सोडलेली, दहावीला अडकलेली मुलं यायची आणि वर्षभर तिथेच राहून चार विभागांत आळीपाळीनं काम करायची: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. पुढे यालाच मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाच्या पदविकेचं रूप आलं आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची मान्यता मिळाली. एकाच कामात पटाईत होण्यापेक्षा मुलानं सगळ्याला हात लावावा, हा कलबागांचा आग्रह. कुठलाही तज्ज्ञ याला नाक मुरडेल. पण खेड्यात पंप बिघडला की मोटारवाला, वायरिंगवाला आणि वेल्डर अशी तीन माणसं वेगवेगळी बोलावता येत नाहीत. जो येतो त्यालाच सगळं पाहावं लागतं.

दुसरा आग्रह पैशांचा. मुलांनी बनवलेली वस्तू, केलेली दुरुस्ती गावाला विकायची. विहीर कुठे खोदावी हे ठरवायला जमिनीचा विद्युतरोध मोजायचा, मातीची तपासणी करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. गिऱ्हाईक पैसे मोजतं तेव्हा ते चूक चालवून घेत नाही, आणि वर्गातली परीक्षा कधीच एवढी कडक नसते. मला आश्रमाच्या सगळ्या कल्पनांत ही सर्वांत धाडसी वाटते. शिकणाऱ्याच्या हातचं काम विकाऊ असलं पाहिजे, हे आपल्या तंत्रशाळांनाही मनापासून पटलेलं नाही. तिथे मुलगा लोखंडाचा एकच तुकडा घासून घासून चौकोनी करतो आणि परीक्षेनंतर तो भंगारात जातो.

१९८७ पासून हेच सूत्र ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावानं आठवी ते दहावीच्या वर्गांत गेलं आणि राज्य शिक्षण मंडळानं त्याला विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस हातानं काम आणि शिकवायला गावातलेच कारागीर. बी.एड. नसलेला गवंडी किंवा फिटर वर्गात उभा राहणार, हे आपल्या शिक्षणखात्याच्या पचनी पडलं ही छोटी गोष्ट नाही.

यंत्रवेड्यांसाठी मात्र आश्रमाच्या इतिहासातलं लाडकं पान म्हणजे ‘मेकबुल’. मोठा ट्रॅक्टर लहान शेतकऱ्याला परवडत नाही आणि बैल वर्षभर सांभाळणं अवघड. आश्रमानं जुन्या जीपचे सुटे भाग घेऊन छोटा ट्रॅक्टर जुळवला. नवे गिअर, नवा डिफरन्शियल घडवण्याच्या भानगडीत न पडता भंगारबाजारातले वापरले. कारखान्यातला अभियंता याला जुगाड म्हणेल. तरी फरक आहे. जुगाड एकदाच चालतो आणि तो करणाऱ्यालाच चालवता येतो. मेकबुलची जुळणी दुसऱ्याला शिकवता येत होती. शिकलेली मुलं तो पुन्हा बनवू शकत होती, विकू शकत होती.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, इंजिन लावण्याच्या.

चेनसॉचं टू-स्ट्रोक कानानं लावता येतं, कारण बदलायचं असतं ते हवा-पेट्रोलचं प्रमाण. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतो आणि ठिणगीही नसते. दाबानं तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. तेव्हा फवारा नेमका कधी मारायचा, यावर सगळा खेळ. पिस्टन माथ्याला पोचण्याआधी साधारण वीस-पंचवीस अंशांवर तो सुटावा लागतो. लवकर सुटला तर इंजिन ठोकतं, बेअरिंगवर ताण येतो. उशिरा सुटला तर ताकद जाते, सायलेन्सर तापतो, काळा धूर निघतो आणि डिझेल वाया जातं. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला पंचवीस फेरे. एका अंशाला मिळणारा वेळ सेकंदाचा नऊ हजारावा भाग. ठोकतंय की धुरकटतंय एवढं कानाला आणि डोळ्याला कळतं. चार अंशांची चूक कळत नाही. गावचा मिस्त्री इंजिन बंद ठेवून फ्लायव्हील हातानं फिरवतो, पंपातून डिझेल थांबतं तो क्षण टिपतो आणि खुणेशी जुळवतो. रीत चांगलीच आहे, पण चालत्या इंजिनाबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी लागणारी उपकरणं शहरातल्या मोठ्या गॅरेजात, खेड्याला न परवडणाऱ्या किमतीची.

अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड आणि कलबाग यांची गाठ पडली ती अशा उपकरणांची गरज असताना. गेर्शेनफेल्ड १९९८ पासून ‘जवळजवळ काहीही कसं बनवावं’ अशा अर्थाच्या नावाचा वर्ग घेत होते. संगणकावर काढलेली आकृती यंत्रानं थेट कापायची, इलेक्ट्रॉनिक्सची पट्टी स्वतःच कोरायची, त्यावर प्रोग्रॅम चढवायचा. या साधनांचा छोटा संच म्हणजे फॅब लॅब. २००२ मध्ये ती पाबळला आली. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब म्हणून तिचा उल्लेख होतो. नॉर्वेतल्या लिंगेनच्या फॅब लॅबमध्ये मेंढ्यांचा माग काढणारी रेडिओ-यंत्रणा लोकांनी हाती घेतली. पाबळला मागणी होती ती दूध तपासण्याची आणि डिझेल इंजिन नीट लावण्याची. फ्लायव्हीलपाशी चिमट्यासारखं बसवून चालत्या इंजिनाचं टायमिंग दाखवणारं स्वस्त उपकरण, यावर तिथे काम सुरू झालं. गेर्शेनफेल्ड यांच्या २००५ च्या ‘फॅब’ या पुस्तकात कलबाग आणि पाबळ भेटतात ते याच संदर्भात.

जगातल्या एका नामांकित विद्यापीठाची प्रयोगशाळा दुष्काळी खेड्यात आली आणि तिच्यापुढे पहिल्या प्रश्नांत पंपाचं इंजिन ठेवलं गेलं. हे घडू शकलं, कारण तिथे वीस वर्षं इंजिनं उघडली जात होती. साधनं आधी आली असती आणि प्रश्न नंतर शोधावे लागले असते तर काय होतं, ते आपल्याकडच्या अनेक शाळांतल्या कुलूपबंद संगणक-खोल्या सांगतात.

कलबाग २००३ मध्ये गेले. संस्थापक गेल्यावर आपल्याकडच्या संस्था एक तर स्मारक होतात किंवा भांडण. आश्रमाचं दोन्हींपैकी काहीच झालं नाही. डॉ. योगेश कुलकर्णी यांनी धुरा घेतली, पदविका चालू राहिली, शाळांमधला कार्यक्रम वाढला. आज जगात दोन हजारांवर फॅब लॅब आहेत. त्या यादीच्या पहिल्या ओळींत शिरूर तालुक्यातलं गाव आहे, हे पुण्यामुंबईतल्या किती अभियंत्यांना माहीत असेल याची मला शंका आहे.

अंधेरीत पुन्हा असं काही घडलं ते तीस वर्षांनी, आणि ते हौशींनी घडवलं. २०१३ मध्ये मुंबईत वैभव छाब्रा आणि त्यांच्या मित्रांनी ‘मेकर्स असायलम’ सुरू केलं. पुढे त्याचा मुक्काम अंधेरी पूर्वेला होता. सुतारकामाची करवत, लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, आणि वर्गणी भरून कुणीही यावं, काहीही उघडावं, बिघडवावं, जुळवावं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत या मंडळींनी चेहऱ्यावरच्या संरक्षक ढालीचा साधा नमुना तयार केला, तो देशभरातल्या आपल्यासारख्या हौशींना पाठवला, आणि ४९ दिवसांत ४२ ठिकाणी मिळून दहा लाख ढाली बनल्या. कारखाने बंद होते तेव्हा हौशींची बाकं चालू होती. नंतर हेही बिऱ्हाड अंधेरीतून हललं, गोव्यात मोइऱ्याला गेलं. चाळीस वर्षांत अंधेरीनं असा एक माणूस आणि असं एक मंडळ दिलं आणि दोन्ही गमावली. कारणं वेगळी असतील. मला तरी दोन्हींत जागेचा प्रश्न दिसतो, मग ती चौरस फुटांतली जागा असो की डोक्यातली.

वर्सोव्यात इंजिन शिकण्याचा एक पत्ता मात्र अजून जागेवर आहे. कोळीवाड्यात, तेरे गल्लीत, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्र आहे. सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल असा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, वर्षातून दोन सत्रं, एका सत्राला जेमतेम बावीस जण. अट चौथी पासची, वय अठरा ते पस्तीस, पोहता आलं पाहिजे आणि मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव पाहिजे. कलबागांना ही अटींची यादी आवडली असती. मार्कांपेक्षा पोहणं महत्त्वाचं मानणारे अभ्यासक्रम आपल्याकडे किती? पण हे दार फक्त मच्छीमारांना उघडं, आणि ते बरोबरच आहे. किनाऱ्यापासून वीस मैलांवर इंजिन बंद पडलं की तिथे हौस चालत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत खाडीकाठी बोटी ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात, तेव्हा जेट्टीवर फेरी मारून बघा. खोल समुद्रातल्या बोटींची सहा सिलिंडरची डिझेल एका बाजूला, लहान होड्यांची मागे लावायची टू-स्ट्रोक दुसऱ्या बाजूला. चेनसॉचं सगळं शास्त्र त्या लहान इंजिनांत भेटतं.

हौशींसाठी म्हणून वर्सोव्यात एक खोली हवी. पालिकेच्या शाळांमधल्या तळमजल्याच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. एक मजबूत बाक, व्हाइस, पान्ह्यांचा संच, हवा खेळती राहील अशी खिडकी, आणि आठवड्यातून एक दिवस येऊन बसणारा खाडीकाठचा एखादा निवृत्त मिस्त्री, एवढ्यावर सुरुवात होते. कोळीवाड्यातल्या मिस्त्रीला कान आहे, लोखंडवाल्यातल्या अभियंत्याला मोजमाप येतं, आणि दोघं एकमेकांना कधी भेटत नाहीत. ज्यांना हे मनावर घ्यायचं असेल त्यांनी आधी एकदा पाबळला जाऊन यावं. विज्ञान आश्रमात पाहुण्याला माहितीपत्रक देऊन वाटेला लावत नाहीत, वर्कशॉप दाखवतात.