पोत्याचा भाव, चौरस फुटाचा भाव

मनवेलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटला घरपट्टी येते, लाइट बिल येतं. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मात्र नाही. बिल्डर 'पुढच्या महिन्यात' म्हणाला, त्याला अकरा वर्षं झाली. असं घर घेतलंच कशाला, असं मी एकदा चिडून विचारलं. बाबा म्हणाले, "तुझ्या आजोबांनी १९८१ साली गावच्या घरासाठी दहा पोती सिमेंट मागितलं होतं. अर्ज कचेरीतच राहिला आणि भिंती मातीच्याच. तुला निदान पक्कं छप्पर मिळालं."

तेव्हा सिमेंट जात तरी कुठे होतं, हे मी वाचायला घेतलं.

त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. परवान्याशिवाय पोतं मिळत नसे आणि काळ्या बाजारातला भाव सरकारी भावाच्या कितीतरी वर. त्यामुळे कोट्याचा कागद म्हणजे रोकडच. जून १९८० मध्ये बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. साहित्यिक-कलावंतांच्या मदतीसाठी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' हा ट्रस्ट निघाला. बिल्डर त्याला देणग्या देतात आणि त्यांना सिमेंटचा जादा कोटा मिळतो, असं अरुण शौरी यांनी ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मधून मांडलं. पी. बी. सामंत कोर्टात गेले. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष दिला. अंतुलेंना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षं कोर्टांत फिरत राहिला.

आपल्याला यातला मुख्यमंत्री आठवतो, बिल्डर आठवत नाहीत. ट्रस्टला देणगी देणं बेकायदा नव्हतं, कोटा देणं सरकारच्याच हातात होतं. सुटे सुटे पाहिले तर दोन्ही कागद चोख. सिस्टीम ताब्यात घ्यायला ती तोडावी लागत नाही. पासवर्ड ज्याच्याकडे आहे, तो आपला असला की झालं. रांगेत उभ्या आजोबांकडे देणगी देण्याइतके पैसे नव्हते, एवढाच त्यांचा दोष.

फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झालं. आज ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. आता टंचाई आहे ती परवानगीची. शेजारच्या नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. इथल्या बांधकामांना चौरस फुटामागे लाचेचा दर ठरलेला होता, असा ईडीचा आरोप आहे. तो कोर्टात सिद्ध व्हायचा आहे. पण ४१ इमारती एका रात्रीत चढत नाहीत. त्या चढताना कुणाला दिसल्या नाहीत, हे पटत नाही.

ती बातमी बाबांना दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कपाटातून फ्लॅटची फाइल काढून माझ्या हातात दिली. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. पहिला विषय ओसीचा.