मुक्कामी गाडीतल्या रहस्यकथा

बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाने गाठलं, तेव्हा मी त्यांच्या फोनवर ऑडिओबुकचं ॲप टाकून दिलं. वर्षाचे पैसे भरले आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात यवतमाळहून पुण्याला परतलो. आठवड्याने फोन करून विचारलं, तर म्हणाले, "चांगलं हाय. पण यात माहे नाईक कुठं हायेत?"

नाईक म्हणजे गुरुनाथ नाईक. बाबा एसटीत कंडक्टर होते. संध्याकाळी मुक्कामी गाडी घेऊन घाटंजीकडच्या नाहीतर पुसदकडच्या एखाद्या गावी जायचं, रात्री गाडीतच झोपायचं, पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. तिकिटांच्या पेटीत दुकानातून भाड्याने आणलेली एक रहस्यकथा असायची. दुसऱ्या दिवशी परत केली नाही तर आणखी एका दिवसाचं भाडं पडणार, म्हणून ती रात्रीतच संपवायची. या पुस्तकांचा अख्खा बांधा या भाड्याच्या हिशोबाने ठरला असणार, असं मला वाटतं. शंभर-सव्वाशे पानं, सुरुवातीलाच मुडदा, वर्णनाला दोन ओळी, आणि प्रकरण संपताना दार वाजलंच पाहिजे. समीक्षकांनी त्यांना उथळ म्हटलं. उथळ होतीच. पण बॅटरीच्या उजेडात, डासांमध्ये, ड्रायव्हरच्या घोरण्यात वाचून होतील अशी होती. हे काही सोपं काम नाही.

बाबूराव अर्नाळकर 1996 मध्ये गेले. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं माझ्या आजोबांच्या पिढीला घरातल्या माणसांसारखी ठाऊक होती. त्यांच्यानंतर 1970 च्या दशकात नाईक जोरात आले. त्यांचा कॅप्टन दीप, त्यांचा गोलंदाज. नाईकांच्या कादंबऱ्याही हजाराच्या पुढे. ते 2021 मध्ये गेले. म्हणजे दोन माणसांनी मिळून दोन हजारांवर पुस्तकं लिहिली आणि माझ्या बाबांना त्यातलं एक पाहिजे होतं.

दरम्यान मीही ऐकायला लागलो होतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं करणार काय? स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आलं, तेव्हा सुरुवातीपासून त्यावर मराठी होती, आणि मराठीतल्या रहस्य-भयकथांना खरा दुसरा जन्म मिळाला तो कानात. माझं प्रामाणिक मत सांगतो. सुहास शिरवळकर ऐकायला सगळ्यात मजेदार. संवाद इतके खटकेबाज, की वाचणाऱ्याला वेगळी मेहनत नको. पण त्यांच्या बायका! अमर विश्वासच्या कथांमध्ये बाईचं वर्णन सुरू झालं की मी आजूबाजूला बघून आवाज कमी करतो. नारायण धारप मात्र कानाला वाचनाहून सरस. त्यांचा निवेदक साधा, नोकरीपेशातला, जरा कंटाळवाणाच माणूस असतो, आणि तो शांतपणे बोलत राहतो म्हणून भीती वाटते. समर्थकथांचा शेवट मला पटत नाही. समर्थ आले की आता सगळं निभावणार हे कळतं आणि अंगावरचा काटा बसतो. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे ठाऊक असूनही मी रात्री दिवा लावून झोपलो.

एक प्रयोग करून पाहा. शिरवळकर दीडपट वेगाने ऐकले तर काही बिघडत नाही. धारप दीडपट वेगाने ऐकले तर मेलेच.

नाईक मात्र हवे ते मिळेनात. मग दिवाळीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक प्रत निघाली. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही, शेवटचा फर्मा गळालेला. भाड्याचं पुस्तक होतं, बाबांनी परतच केलं नव्हतं. त्यावर ते नुसते हसले.

आमच्याच यवतमाळात शारदाश्रम आहे. य. खु. देशपांड्यांनी गावोगाव फिरून महानुभावांच्या पोथ्या मिळवल्या, त्यावर लिहिलं. त्यातल्या कित्येक सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत. तिची किल्ली राजवाड्यांनी शोधली, आणि ती हकिकत अर्नाळकरांच्या कुठल्याही कथेपेक्षा रंगतदार आहे. तेराव्या शतकातला मजकूर हाती लागतो आणि 1975 चा लागत नाही, कारण पोथी कोणीतरी जपण्यासारखी मानली होती. 1954 च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जायला हवी. पण नावच माहीत नसलेलं पुस्तक तिथे तरी कसं मागणार?

शेवटी मीच रेकॉर्ड करायला बसलो. रोज रात्री वीस मिनिटं, पांघरुणाखाली, म्हणजे आवाज घुमत नाही. फाईल बाबांना पाठवायचो. पहिल्याच फाईलवर शेरा आला, "तू वाचून रायला बे. सांग ना!" चौथ्या-पाचव्या दिवशी जरा जमलं. मग पानं संपली. दीप एका बंद गोदामात, बाहेर तीन माणसं, आणि पुढे पुस्तक नाही.

'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत हरवली आणि ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी त्या आठवून पुन्हा लिहवल्या, अशी परंपरा आहे. म्हणून तिचे पाठ अनेक. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बाबांना म्हटलं, पुढचं तुम्ही सांगा.

ते अकरा मिनिटं बोलले. गोदामात एक ओळखीची एसटी निघाली. ती नाईकांनी लिहिली नसणार, एवढं मला कळलं. मी टोकलं नाही. एकदाच विचारलं, दीप जगतो कशावरून?

"अबे, त्याले पुढच्या पुस्तकात लागते ना!"

फाईलला मी 'नाईक, बाबांचा पाठ' असं नाव दिलं आहे.