वातानुकूलित मोटार आणि गळतीचा तपास

उन्हाळ्यातील प्रवास सुसह्य करण्याची तजवीज आपल्याकडे मोटारीच्या आधी आगगाडीने केली. मुंबईहून पेशावरकडे धावणाऱ्या फ्रंटिअर मेलला १९३४ साली जो थंड डबा जोडण्यात आला, त्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या रचलेल्या असत आणि वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या घालण्याचा बंदोबस्त वाटेतील स्थानकांवर ठेवलेला असे. या व्यवस्थेत बर्फ संपणे हाच काय तो बिघाड. त्याचे निदान करण्यास तज्ज्ञ लागत नसे.

१९३९ च्या अखेरीस अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच वातानुकूलन बसवलेली मोटार लोकांपुढे मांडली, तेव्हा या सुखाबरोबर त्याच्या दुरुस्तीचाही जन्म झाला. २७४ डॉलर जादा मोजून घेतलेल्या या यंत्राची थंड नळी मागच्या सामानाच्या कप्प्यात, तर कॉम्प्रेसर पुढे इंजिनापाशी. आणि त्यास इंजिनापासून विलग करणारा क्लचच नसल्यामुळे, गारवा नकोसा झालेल्या मालकास गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा हाताने उतरवावा लागे. १९५४ साली नॅश कंपनीने सारी यंत्रणा गाडीच्या पुढील भागात आणली आणि विद्युतचुंबकीय क्लचही जोडला. आजची रचना ही तिचीच वंशज होय.

परंतु एक मूळचे व्यंग राहिलेच. घरातील शीतकपाटाचा कॉम्प्रेसर आपल्या विद्युतयंत्रासह लोखंडी कवचात कायमचा बंदिस्त असतो. इंजिनावर चालणाऱ्या मोटारीतील कॉम्प्रेसरचा दांडा मात्र पट्ट्याने फिरण्यासाठी कवचाबाहेर यावाच लागतो, आणि त्या छिद्राशी असलेले सील व हादरे सोसणाऱ्या रबरी नळ्या यांतून गारवा देणारा वायू तिळातिळाने निसटत राहतो. तेव्हा गळती हा या यंत्राचा अपघात नसून स्वभाव आहे, हे जाणणारा मिस्त्रीच खरा जाणकार. वायूबरोबर थोडे तेलही पाझरत असल्यामुळे ज्या सांध्यावर धूळ चिकटून काळसर ओशट डाग पडला असेल तेथे त्याचे बोट प्रथम जाई. मग साबणाचे पाणी, आणि शेवटी हॅलाइड दिवा. या दिव्याच्या ज्योतीत तांब्याची चकती तापत असे, आणि सांध्याजवळ फिरवलेल्या नळीतून वायूचा अंश आत ओढला गेला की फिकट ज्योत हिरवी होई. मोठ्या गळतीपाशी त्याच ज्योतीतून विषारी वाफही निघे, ही गोष्ट अनेक कारागिरांच्या खिजगणतीतही नसावी.

इतकी कला हाताशी असूनही धंद्याने सोपा मार्ग धरला, याचे कारण त्या वायूच्या लौकिकात सापडते. फ्रिऑन नावाचा हा वायू निर्विष आणि अज्वलनशील आहे हे पटवण्यासाठी त्याचा जनक थॉमस मिजली याने १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या भर सभेत तो छातीभर ओढून घेतला होता आणि उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली होती. अशा निरुपद्रवी वस्तूची गळती कोण मनावर घेणार? उन्हाळा लागला की ‘गॅस मारून’ घ्यायचा, पुढल्या वर्षी पुन्हा मारायचा, हा रिवाज गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघांच्याही पथ्यावर पडला. सील बदलण्यासाठी कॉम्प्रेसर उतरवण्याची मेहनत वाचली ती वाचलीच.

१९७४ साली मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हा वायू वातावरणातील ओझोनचा क्षय करतो असे अनुमान मांडले, १९८७ साली असे वायू हद्दपार करण्याचा माँट्रिअलचा करार झाला, १९९२ साली भारतही त्यात सामील झाला, आणि विकसनशील राष्ट्रांना हा वायू सोडण्यासाठी १ जानेवारी २०१० ही अखेरची मुदत मिळाली. त्याजागी आलेल्या आर-१३४ए या वायूत क्लोरीन नाही; त्यामुळे तो ओझोनला अपाय करीत नाही, पण पृथ्वीच्या उष्णतेत भर घालण्याच्या कामी मात्र तो कर्बद्विप्राणिल वायूच्या हजारपटीहून अधिक समर्थ आहे. क्लोरीनच नसल्याने हॅलाइड दिव्याची ज्योतही त्याला ओळखेना. जुने खनिज तेल त्यात मिसळेना; नवे तेल हवेतील दमटपणा असा शोषून घेई की उघडा राहिलेला डबा वाया जाई. मुंबईसारख्या दमट शहरातील मिस्त्र्यांना व्हॅक्यूम पंपाने यंत्रणेतील हवा व ओल काढल्याविना गॅस न भरण्याची शिस्त त्यामुळे लावून घेणे भाग पडले.

आता गळती शोधण्यासाठी तेलात चकाकणारा रंग मिसळतात आणि जंबुपार दिव्याखाली सांधे तपासतात. कूलिंग कॉइल फुटली असेल तर डॅशबोर्ड खोलण्याला गत्यंतर नसते. अशा वेळी खोलण्याच्या मजुरीवरून घासाघीस करणारे गिऱ्हाईक गॅसचे पैसे मात्र विनातक्रार देते, आणि मिस्त्रीही मग गॅसच भरून देतो.