छापलेलं वेटोळं: फॅरेडे ते वायरलेस चार्जर

वायरलेस चार्जरचा इतिहास म्हटला की टेस्लाचं नाव पुढे येतं. आज आपण दुसऱ्या दोघांकडे पाहू. दोघांचंही काम लंडनमधलं, मध्ये शंभरेक वर्षांचं अंतर.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडेने सहा इंची लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. पदर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये दोरा आणि कापड घातलं. एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू किंवा बंद केला, की दुसऱ्याला जोडलेली सुई हलायची. आजच्या चार्जरचं तत्त्व हेच. फक्त लोखंडी कडं गेलं आणि प्रवाहाची सेकंदाला लाखाहून अधिक आवर्तनं होऊ लागली.

दुसरा माणूस पॉल आइस्लर. व्हिएन्नाचा ज्यू इंजिनियर, १९३६ साली इंग्लंडला आला. युद्ध सुरू झाल्यावर त्याच इंग्लंडने त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून काही काळ स्थानबद्ध केलं. त्याची कल्पना छापखान्यातली होती: तांब्याच्या पातळ पत्र्यावर शाईने नक्षी छापायची आणि उरलेलं तांबं रसायनाने खाऊन टाकायचं. आता वेटोळं गुंडाळायची गरजच उरली नाही. ते छापता येऊ लागलं, आणि प्रत्येक प्रत अगदी सारखी!

पण याची किंमत मोजावी लागते. बोर्डावरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड असतं. म्हणजे १ मिलिमीटर रुंद पट्टीचं छेदक्षेत्रफळ फक्त ०.०३५ चौरस मिलिमीटर. तेवढ्याच व्यासाच्या तारेचं ०.७८, म्हणजे बावीसपट. तांबं कमी तिथे रोध जास्त, आणि रोध म्हणजे उष्णता. वीज फोनमध्ये पोहोचण्याऐवजी बोर्ड तापवण्यात जाते, आणि उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते.

म्हणून २०१० मध्ये ‘ची’ हे मानक आलं तरी अनेक चार्जरमध्ये बारीक तारांचा पीळ घातलेली गुंडाळीच राहिली. छापील वेटोळं वापरायचं तर डिझाइन करणारा तांबं जाड घेतो, किंवा दोन-तीन थर समांतर जोडतो. मधली जागा रिकामी सोडतो, कारण आतले फेरे चुंबकीय क्षेत्रात फारशी भर घालत नाहीत, तापतात मात्र भरपूर. मागे फेराइटचा पातळ थर लावतो, म्हणजे क्षेत्र बॅटरीच्या धातूत शिरत नाही.

फॅरेडेला पदर वेगळे ठेवायची काळजी होती. आइस्लरच्या पद्धतीने ती मिटवली, पण तांब्याच्या जाडीची नवी काळजी मागे ठेवली. चार्जरवर ठेवलेला फोन हाताला गरम लागतो ना, त्यात या काळजीचाही वाटा असतो.