चालुक्य राजाचा गळ आणि मांजराकाठची पेंड

#थ्रेड

दर काही महिन्यांनी एक संदेश सगळीकडे फिरतो: 'गळाने मासे कसे पकडावेत, यावरचा जगातील पहिला ग्रंथ एका भारतीय राजाने लिहिला.' त्यात राजाचे नाव बरोबर असते, ग्रंथाचे नावही बरोबर असते. दावा मात्र चुकीचा असतो. ओपियन या ग्रीक कवीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच मासे आणि मासेमारी यांवर 'हॅलियुटिका' हे दीर्घकाव्य रचले होते. पण चुकीचा दावा खोडून थांबावे, तर त्यामागची खरी आणि अधिक रंजक गोष्ट हातची निसटते. ती गोष्ट आपल्या मराठवाड्याच्या अगदी शेजारची आहे. आज तीच सांगतो.

सुरुवात एका घरगुती प्रसंगाने. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात माझे मामा राहतात. गळ टाकून तासन् तास बसणे हा त्यांचा एकमेव शौक. गेल्या हिवाळ्यात त्यांचा आणि त्यांच्या दोन मित्रांचा बेत ठरला, मांजरेच्या काठाकाठाने खाली जाऊन कर्नाटकात, बिदरच्या बाजूला दोन दिवस बसायचे. निघण्याच्या आदल्या दिवशी ओसरीवर पाहतो तो करडीच्या पेंडीची अर्धी गोणी, हरभऱ्याचे भाजलेले पीठ, तांदळाचा चुरा, गूळ आणि बडीशेप असा सगळा पसारा.

"मामा, बिदरला पेंड मिळत नाही का?"

"मिळते ना. पण ती कोणत्या घाण्याची, किती दिवसांची, सरकी मिसळलेली की काय, हे मला कुठं माहीत? अनोळखी पाणी आणि अनोळखी पेंड, दोन्ही एकदम नको बाबा."

दुसरा दंडक असा, की यातले काहीही घरी भिजवायचे नाही. सगळे कोरडे न्यायचे आणि काठावर पोहोचल्यावर नदीच्याच पाण्यात मळायचे. भिजवलेले पीठ दुपारच्या उन्हात आंबते आणि गोळा पाण्यात पडताच फुटतो. गांडुळे न्यायची नाहीत का, असे विचारल्यावर ते हसले. गांडूळ ओल्या मातीत, सावलीत ठेवावे लागते. गाडीच्या डिकीत चार तास गेले, की डबा उघडवत नाही. "गांडूळ जिथलं तिथं बरं," इतकेच ते म्हणाले. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

आता मांजरा. ही नदी बीड जिल्ह्यातच, पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. केज तालुक्यातील धनेगावला तिच्यावर धरण आहे. पुढे लातूर, बिदर आणि तेलंगण असा सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून ती गोदावरीला मिळते. आज या प्रवासात तिला तीन राज्ये लागतात. बाराव्या शतकात मात्र हा बहुतेक मुलूख एकाच सत्तेखाली होता. ती सत्ता म्हणजे कल्याणीचे चालुक्य. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. मामांच्या मुक्कामापासून फार लांब नाही.

या घराण्यातील प्रसिद्ध राजा सहावा विक्रमादित्य. त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर, बिरुद 'भूलोकमल्ल'. त्याने सुमारे ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले. लढायांपेक्षा विद्येत रमणारा म्हणून त्याची ख्याती, त्यामुळे 'सर्वज्ञ' असेही त्याला म्हणत. ११२९ ते ११३१ या सुमारास त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे दुसरे नाव 'अभिलषितार्थचिंतामणि'. मराठी वाचकाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो वेगळ्या कारणाने: महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, याचा जुना उल्लेख त्यात आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तेवढी एक ओळ वाचून आपण पुढे जातो. उरलेला ग्रंथ कोण वाचतो?

ग्रंथाचे पाच भाग आहेत, प्रत्येकात वीस अध्याय, म्हणून प्रत्येक भागाला 'विंशती' म्हणतात. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, याने सुरुवात होते. मग राजाचे उपभोग येतात: स्नान, वस्त्रे, अन्न. त्यानंतर विनोद, म्हणजे करमणुकी. हत्ती, घोडे, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी, गायन, कथा. याच विनोदांच्या भागात 'मत्स्यविनोद' आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ग. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती १९२५पासून खंडशः निघाली. पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली मत्स्यविनोदावर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला. संस्कृत श्लोकांतला कोणता मासा म्हणजे प्राणिशास्त्रातला कोणता, हे जुळवण्याचा खटाटोप एका मत्स्यतज्ज्ञाने केला, ही गोष्ट मला फार आवडते. इतिहास हा केवळ इतिहासाच्या विभागाचा मक्ता नाही, हे त्यावरून पटते.

या प्रकरणात सुमारे पस्तीस प्रकारचे मासे आहेत. त्यांची वर्गवारी नीट लावलेली आहे: समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान. त्यानंतर येते ते आपल्या कामाचे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे? सगळ्यांना एकच आमिष चालत नाही. कुणाला तिळाची पेंड, कुणाला शिजवलेल्या भाताचे आणि पिठाचे गोळे, आणि जे मांस खाणारे आहेत त्यांना मांस. आधी पाण्यात खाद्य टाकून मासे एका जागी आणायचे, आणि मग काठी, दोर, गळ.

शब्दाची एक गंमत इथेच सांगून टाकतो. संस्कृतात 'आमिष' म्हणजे मुळात मांस. म्हणून सामिष आणि निरामिष. गळाला मांस लावत, म्हणून आमिष म्हणजे प्रलोभन, आणि मराठीत आज तेवढाच अर्थ उरला. त्या हिशेबाने सोमेश्वराची तिळाची पेंड म्हणजे निरामिष आमिष झाली!

आता खरा प्रश्न. हे आमिष येत कोठून होते?

तीळ, तांदूळ, पीठ ही माणसाच्या ताटातली वस्तू. पेंड तेल काढल्यावर उरते हे खरे, पण ती बैलाच्या तोंडची असते. दख्खनच्या या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. बालाघाटच्या पायथ्याची माणसे भाकरीवर जगली, भात सणासुदीला. अशा मुलखात शिजवलेला भात मुठीमुठीने डोहात टाकायचा, तोही मासा लगेच मिळावा म्हणून नव्हे, तर त्याला त्या जागेची सवय लागावी म्हणून, हे ज्याच्या कोठारात धान्य मावत नाही त्यालाच परवडते. पोटासाठी मासे धरणारा भोई असे करत नाही. त्याच्यापाशी जाळे असते, आणि गळ टाकलाच तर त्याला ओल्या काठावर उकरून काढलेले गांडूळ, नाकतोडा, लहान मासोळी. त्याचे आमिष फुकट असते आणि तिथल्या तिथेच मिळते.

म्हणजे गळाच्या टोकाला काय लावले आहे, यावरून काठी कोणाच्या हातात होती याचा अंदाज बांधता येतो. हे माझे अनुमान आहे, ग्रंथाचे विधान नव्हे. पण मत्स्यविनोद वाचताना मला सर्वांत जास्त दिसते ते हेच.

याला वाहतुकीची बाजूही आहे. मामांचे वाक्य आठवा: गांडूळ जिथलं तिथं बरं. जिवंत आमिष प्रवास करत नाही. धान्याचे आमिष करते. कोरडी पेंड आणि भाजलेले पीठ आठवडाभरही टिकते, गोणीत भरून बैलावर लादता येते, आणि पाणी सगळीकडे असतेच. त्यामुळे जो माणूस आपल्या गावाच्या डोहावर बसतो त्याचे आमिष मातीतून येते, आणि जो मुलूख ओलांडून केवळ मौजेसाठी मासे धरायला जातो त्याचे आमिष कोठारातून येते. राजाच्या छावणीबरोबर मुदपाकखाना चाले. तिथे भात शिजतच असे. त्याला वेगळा बेत आखावा लागत नव्हता. मामांना लागतो, कारण त्यांचा मुदपाकखाना म्हणजे गाडीची डिकी.

सीमेबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण 'बिदर म्हणजे परराज्य' ही गोष्ट अगदी अलीकडची आहे. चालुक्यांनंतर यादव, बहमनी, पुढे निजाम. सत्ता बदलत गेल्या, तरी बीड आणि बिदर निजामाच्या राज्यात दीर्घकाळ एकत्रच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, बिदर म्हैसूर राज्यात गेले, आणि मांजरेवर राज्याची सीमा उमटली. त्याआधी बीडकरांसाठी खरी सरहद्द होती ती पश्चिमेला. अहमदनगर ब्रिटिशांकडे, बीड निजामाकडे, आणि काही अंतर सीना नदीच दोहोंमधली हद्द. हैदराबाद संस्थानाचे नाणे वेगळे, हाली सिक्का, टपाल वेगळे, आणि सरहद्दीवर जकात वसूल करणारे 'करोडगिरी' हे खातेही वेगळे. सीनेतला मासा मात्र दोन्ही काठांवर चरत होता.

याच ब्रिटिश अमलात 'साहेबाचा गळ' हिंदुस्थानात आला. मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' आणि १८८७ साली 'टँक अँगलिंग इन इंडिया' ही पुस्तके लिहिली. दक्षिण कानडा जिल्ह्यातील नद्यांवर त्याने बरेच काम केले होते. त्याच्या पुस्तकांमुळे पुढच्या दोन-तीन पिढ्यांचे इंग्रज अधिकारी सुटीत काठी घेऊन निघू लागले. त्यांच्याही सामानात पीठ आणि हरभरे असत. सोमेश्वर आणि थॉमस यांच्यामध्ये साडेसातशे वर्षांचे अंतर आहे, भाषा वेगळी, धर्म वेगळा, राज्य वेगळे. आमिष जवळपास तेच. थॉमसने मानसोल्लास वाचला होता म्हणून असे झाले नाही. संस्कृत ग्रंथाची ती छापील आवृत्ती यायला अजून काही दशके होती. मग ही जोडणी कशी झाली? दोघांच्याही काठाशी जी माणसे उभी होती, त्यांच्यामुळे, असे मला वाटते.

कोणता मासा तळाशी चरतो, कोणता पृष्ठभागावर येतो, कोणाला पेंडीचा वास ओढतो आणि कोण मांसाशिवाय ढुंकून पाहत नाही, हे सिंहासनावर बसून कळत नाही. पस्तीस माशांच्या सवयी एका आयुष्यात, राज्यकारभार सांभाळून, एका राजाने स्वतः टिपल्या असे मानायला मी तयार नाही. हे ज्ञान नदीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे आहे. भोई, कोळी, धीवर, ज्यांना संस्कृत ग्रंथ 'कैवर्त' म्हणतात. दरबारात ते कुणीतरी सांगितले, पंडितांनी श्लोकात बसवले, वर राजाचे नाव लागले. ग्रंथकर्ता म्हणून सोमेश्वराचे श्रेय मी नाकारत नाही. राजनीतीच्या शेजारी माशाच्या खाद्याला जागा द्यावी असे वाटणे, हीच मोठी गोष्ट होती. अनेक राजांना ते सुचले नाही.

मग 'जगातील पहिला' हे बिरुद काढून टाकल्यावर उरते काय? पुष्कळ उरते. गळाच्या मासेमारीवर इंग्रजीतले जुने छापील पुस्तक १४९६ सालचे, ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर सांगितले जाणारे. आयझॅक वॉल्टनचे गाजलेले पुस्तक १६५३ सालचे. मत्स्यविनोद त्या पहिल्या पुस्तकाच्याही साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा. तो दख्खनमध्ये लिहिला गेला, आणि त्यात माशाचा आहार हा विषय स्वतंत्रपणे हाताळला आहे. एवढे पुरे आहे. ओपियनला खाली ओढून सोमेश्वराला वर बसवण्याची गरज नाही, आणि ज्या मित्रांच्या गटांत तो संदेश येईल तिथे कृपया हे शांतपणे सांगा. भांडू नका.

मामांना मी हे सगळे सांगितले. ते पेंड फोडत होते. राजाची तिळाची पेंड ऐकून ते थांबले आणि म्हणाले, "तिळाची? महाग पडेल रे. पण वास चांगला लागत असेल." मग उठून आत गेले आणि मामींच्या डब्यातले मूठभर तीळ तव्यावर भाजून, कुटून त्या पिठात मिसळले. मामींनी हे पाहिले आणि त्या जे बोलल्या, ते या थ्रेडच्या भाषेत बसणारे नाही.

पहाटे चार वाजता गाडी निघाली. दोन दिवसांनी परतली, तेव्हा तीन लहान रोहू होते. त्यातले दोन गांडुळाला लागले होते, जे त्यांनी तिथल्याच काठावर एका पोराकडून उकरून घेतले.

पुढच्या थ्रेडमध्ये मानसोल्लासातील 'अन्नभोग', म्हणजे राजाचे स्वयंपाकघर घेऊ. तोपर्यंत तुमच्या भागात माशाला टाकायच्या खाद्याला काय म्हणतात, चारा, आमिष की आणखी काही, आणि गळाला नेमके काय लावतात, ते खाली नक्की लिहा. नदीचे आणि तालुक्याचे नावही द्या, म्हणजे शब्द नकाशावर मांडता येतील.