काळी दारू, जुनी काडतुसे आणि आपले आखात

शीर्षकात 'दारू' पाहून काहींचे कान टवकारले असतील. तेव्हा आधीच सांगून टाकतो, ही दारू बाटलीतली नव्हे, बंदुकीतली.

दसरा अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप आला आणि आम्हांला गेल्या वर्षीची खंडेनवमी आठवली. गावाकडे जुन्या घरांतून या दिवशी तलवार, कट्यार, माळ्यावरची ठासणीची बंदूक पुसूनपासून पाटावर मांडत आणि हळदकुंकू वाहत. इथे बहरीनला आपण पान्हे, स्क्रू ड्रायव्हर आणि संगणक मांडतो. आम्ही पडलो केमिस्ट, म्हणून एक परीक्षानळीही ठेवतो. गेल्या वर्षी एका स्नेह्यांकडे मात्र पाटावर दोन जुनी काडतुसे दिसली. स्नेही पूर्वी काही वर्षे मस्कतला होते. तिथल्या मत्रहच्या बाजारात शोभेची वस्तू म्हणून त्यांनी ती घेतली होती, आणि बहरीनला येताना घरसामानाच्या खोक्यातून तीही आली. "शंभर वर्षांपूर्वीची आहेत हो, आता त्यात काय उरलंय?" असे ते हसत म्हणाले. आरती झाल्यावर त्यांचे धाकटे चिरंजीव ती काडतुसे टिपऱ्यांसारखी एकमेकांवर आपटू लागले, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. तो का आला, हे सांगायचे तर थोडा इतिहास आणि थोडे रसायनशास्त्र सांगावे लागेल.

काडतूस आणि आपण यांचे नाते जुने आहे. १८५७ साली ज्या काडतुसावरून ठिणगी पडली, ते कागदी होते. ते दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. ती एन्फील्ड बंदूक पुढे मोडीत निघाली नाही. जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाच्या युक्तीने तिच्या नळीचा मागचा भाग कापून तिथे बिजागरीचे झाकण बसवण्यात आले, आणि १८६६ पासून तीच बंदूक मागून भरता येऊ लागली. तिच्यासाठी कर्नल बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे काडतूस तयार केले. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिची यंत्रणा स्वित्झर्लंडच्या मार्टिनीची, नळी एडिंबरोच्या हेन्रीची. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की नळीचे तोंड उघडते. काडतूस आत सरकवायचे, तरफ वर घ्यायची आणि चाप ओढायचा. एका काडतुसात सुमारे साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि ३१ ग्रॅम शिशाची गोळी. स्नेह्यांच्या पाटावर होती ती हीच काडतुसे. तळाशी जाड आणि तोंडाशी निमुळती, त्यामुळे लगेच ओळखू येतात.

आता आमचा विषय. काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. सोरा प्राणवायू पुरवतो, कोळसा जळतो आणि गंधक पेट घेणे सोपे करतो. इंग्रजांच्या तोफांसाठी जगातला उत्तम सोरा आपल्या बिहारमधून जात असे. पण या दारूत एक मोठी खोट आहे. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घनच राहतो. त्यातला काही पांढरा धूर होऊन बंदूकवाल्याची जागा शत्रूला दाखवतो, उरलेला नळीत कीट होऊन बसतो. हे क्षार हवेतले पाणी ओढतात. आपल्याकडे ऑगस्टमध्ये बाल्कनीतली सायकल कशी गंजते ते सर्वांना ठाऊक आहे. तसल्या हवेत न धुतलेली नळी रातोरात गंज धरते. म्हणून आजही इंग्लंड-अमेरिकेत जे हौशी लोक या जुन्या बंदुका चालवतात, ते नेमबाजी संपताच नळीत कढत पाणी ओततात, ती कोरडी करतात आणि मगच तेल लावतात.

१८८४ साली पॅरिसमध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली. दोनच वर्षांत फ्रान्सने तिच्यासाठी लेबेल रायफल काढली. मग इंग्लंडने कॉर्डाइट आणले, आणि बघता बघता युरोपातल्या सगळ्या सैन्यांची काळ्या दारूची हत्यारे जुनी झाली. बंदुका धडधाकट होत्या. जुनी झाली होती ती त्यांची दारू. लाखो रायफली कवडीमोलाने विकायला निघाल्या. त्या कुठे गेल्या असतील?

त्यांतल्या पुष्कळशा आपल्या शेजारी, मस्कतला उतरल्या. १८९० नंतर तिथे बंदुकांची बाजारपेठच उभी राहिली. युरोपीय पेढ्यांबरोबर रतनशी पुरुषोत्तमांसारखे आपले कच्छी व्यापारीही या धंद्यात होते. तिथून गलबते मकरानच्या किनाऱ्याला लागत, पुढे उंटांचे तांडे अफगाणिस्तानातून वायव्य सरहद्दीवर पोचत. १८९७ साली सरहद्द पेटली आणि इंग्रजांना जाग आली. ज्या बंदुका युरोपने भंगारात काढल्या होत्या, त्या आता त्यांच्याच फौजेवर रोखल्या गेल्या होत्या.

जानेवारी १८९८ मध्ये 'लॅपविंग' या इंग्रज युद्धनौकेने 'बलुचिस्तान' नावाच्या आगबोटीवरची हत्यारे मस्कतच्या पाण्यात जप्त केली. मालाचे मालक लंडनच्या कोर्टात गेले. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत चढला आणि निकाल आरमारी अधिकाऱ्याच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ३० एप्रिलला बहरीनचे शेख इसा बिन अली यांनी हत्यारांची आयात-निर्यात बंद करण्याच्या करारावर सही केली. मुहर्रकमधल्या त्यांच्या वाड्यात आपण पाहुण्यांना बादगीर दाखवायला नेतो. यापुढे नेलेत तर हा करारही सांगा. १९०० मध्ये कुवेत आणि १९०२ मध्ये आजच्या अमिरातींचे शेख याच वाटेने गेले. मस्कतचा बाजार मात्र फ्रान्सशी झालेल्या जुन्या तहामुळे बरीच वर्षे चालू राहिला. १९१२ साली सगळी हत्यारे एकाच सरकारी वखारीत ठेवण्याचा नियम झाला, तेव्हा कुठे तो आटला. मधल्या काळात, डिसेंबर १९१० मध्ये, 'हायसिंथ' या युद्धनौकेचे खलाशी बंदुका शोधायला दुबईत उतरले आणि चकमकीत दोन्ही बाजूंची माणसे मेली.

हे वाचताना आम्हांला सारखी घरची आठवण येत होती. तिथे हाच खेळ वीस वर्षे आधी झाला होता. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची बंदी झाली. गोऱ्यांना सूट होती. राष्ट्रीय सभेने अगदी सुरुवातीच्या वर्षांतच याविरुद्ध ठराव केले. बरे, जे शिपाई सरकारसाठी लढत, त्यांच्यावर तरी भरवसा होता का? १८५७ नंतर धोरणच असे होते, की देशी पलटणींचे हत्यार गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागचे असावे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला गोऱ्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या, तर शेजारीच लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या दोन देशी पायदळ पलटणींकडे स्नायडर. मैदान एकच, शत्रू एकच आणि पराभवही एकच. बंदुका मात्र दोन प्रकारच्या. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळू लागल्या, तेव्हा मार्टिनी आपल्या शिपायांच्या वाट्याला आल्या.

याच कथेचा एक धागा आपल्या बहरीनच्या समुद्रातून जातो, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून निघालेली फौजेची जहाजे २३ तारखेला बहरीनजवळ नांगर टाकून थांबली. पुणे डिव्हिजनच्या त्या ब्रिगेडमध्ये '११७ मराठा' ही पलटण होती. तुर्कस्तानशी युद्ध जाहीर होते की नाही, याची वाट पाहत ती माणसे आठवड्याहून अधिक काळ जहाजावर बसून होती. समोर हाच सपाट किनारा, हेच खजुरीचे पट्टे. ६ नोव्हेंबरला फौज इराकात फाव येथे उतरली. पुढे हीच पलटण कुतच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंतर कैदेत गेली. आता त्यांच्या हाती बिनधुराच्या दारूच्या रायफली होत्या, पण त्या कुणावर चालवायच्या हे ठरवणारे मात्र तेच, पूर्वीचे. आपण विमानाने चार तासांत इथे येतो, नोकरी करतो, दसऱ्याला एकमेकांना सोने देतो. आपल्याआधी या पाण्यात आलेल्या त्या मराठी माणसांची एकदा तरी आठवण काढावी, असे वाटते.

असो. काडतुसांकडे वळू. गंमत अशी, की नवी दारू जुनी होते, पण जुनी दारू जुनी होत नाही. नायट्रोसेल्युलोज वर्षानुवर्षे आपोआप विघटत जाते. काळी दारू म्हणजे नुसते मिश्रण. कोरडी राहिली तर सोरा सोराच राहतो आणि कोळसा कोळसाच. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एक संग्राहक तिथल्या यादवी युद्धातला, म्हणजे सुमारे १४० वर्षांपूर्वीचा, तोफगोळा साफ करताना त्याच्या स्फोटात दगावला. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्यातले रसायन तर ठोक्यानेच पेटावे म्हणून भरलेले असते. तिथे लहान मुलाची टिपरी बसली तर? बंदुकीच्या नळीबाहेर फुटलेल्या काडतुसाची गोळी फार लांब जात नाही, पण पितळेच्या चिंध्या डोळ्यांत जातात.

स्नेह्यांना हे पटायला दोन कप चहा लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी पोलिसांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे काडतुसे त्यांच्या स्वाधीन केली. आम्ही सोबत होतो. थोडा वेळ बसावे लागले, चार प्रश्न झाले आणि प्रकरण मिटले. तेव्हा मंडळी, कुणाकडे असे काही असेल तर ते उघडू नका, ठोकू नका, घासून चकाकवू नका. आधी फोन करा. बहरीनमध्ये परवान्याविना बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही, आणि विमानाच्या सामानात तर ते मुळीच टाकू नका. भारतात १९५९ च्या कायद्याने, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या हत्याराला सूट आहे, पण चालू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी तिला परवाना लागतो. कोकणात शेतकरी रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक ठेवतात, तीही परवान्यावरच.

जुन्या बंदुकीची हौस वाईट नाही. तिची तरफ, तिची नळी पाहताना कारागिरीला दाद द्यावीशी वाटते. पण ती कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली आणि कुणाला नाकारली गेली, हे कळल्याशिवाय ती नुसती भिंतीवरची शोभा.

यंदा त्या स्नेह्यांच्या पाटावर काडतुसांच्या जागी चिरंजीवांचा कंपासबॉक्स असणार आहे. सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा!