पळणारा उंदीर, थांबलेली हरणं

तान्ह्या पोळ्याला आमच्या सिंदीत लाकडी नंदी निघतात. सजवलेले, चाकांवरचे, मुलं दोरी धरून ओढत नेतात. नंदी काही पळत नाही आणि त्याच्यामागे कुणी लागत नाही. गेल्या वेळी नंदी मिरवून घरी आलेली माझी नात थेट टीव्हीपुढे बसली. तिथे टॉम आणि जेरी सुरू होतं. बोक्यावर इस्त्री पडली, तो पापडासारखा चपटा झाला आणि लगेच उठून उंदरामागे धावला. नात म्हणाली, "नाना, हा मरत का नाही?"

हा बोका १९४० चा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएमसाठी केलेल्या पहिल्या चित्रपटात त्याचं नाव जॅस्पर होतं. टॉम तो नंतर झाला. १९५८ पर्यंत या दोघांनी असे ११४ लघुपट केले, त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. गोष्ट म्हणाल तर एकच, पाठलाग. बोलणं जवळजवळ नाहीच. बोलतं ते स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत. पाऊल पडलं की वाद्याचा ठोका पडतो. म्हणून सिंदीच्या पोरीचंही इंग्रजीवाचून काही अडत नाही. बोक्याची ती किंकाळी मात्र माणसाची, खुद्द हॅना यांची!

ही धावपळ तिकडे ऐन भरात असताना मुंबईतही कार्टून घडत होतं. 'बाम्बी'वर काम केलेले डिस्नेचे क्लेअर वीक्स १९५६ मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. राम मोहन तिथेच तयार झाले. १९५७ चा 'द बनियन डिअर' हे त्या शिकवणीचं फळ. त्यातही प्राणीच, पण गोष्ट जातकातली.

ही जातककथा मुळात पाठलागाचीच आहे. राजाला रोज हरणाचं मांस लागतं. बाण सुटला की कळप उधळतो. मरतं एक, घायाळ होतात कितीतरी. शेवटी हरणंच ठरवतात, पाळी लावू. रोज एकानं आपणहून मान ठेवायची, बाकीच्यांनी पळायचं नाही. एके दिवशी पाळी गाभण हरिणीवर येते आणि कळपाचा राजा तिच्या जागी जाऊन उभा राहतो. ते पाहून माणसांचा राजा विरघळतो.

कवी म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पण तिच्यात हसू नाही, हेही खरं. सरकारी लघुपटाला प्रबोधन करायचं होतं, त्यामुळे आमच्या कार्टूनला लहानपणीच शहाणं व्हावं लागलं. आणि खोटं कशाला बोलू, टॉम आपटला की मीही हसतो. तो उठणार, हे ठाऊक असतं म्हणूनच हसतो. जातकातलं हरीण पडलं की पडलं.

त्या रात्री नातीला हरणांची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "पण ती पळून का नाही गेली?"

"राजाची बाग होती ती. फाटक बंद होतं."

"उंदराला बीळ असतं," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)